‘जुने’ नावाचा फोल्डर

चिक्कडपल्ली, हैदराबाद
९ नोव्हेंबर १९९८

प्रिय अक्का,

नानांचं सातवं प्रकरण तुला आठवडाभरात मिळेल. उशीर माझ्यामुळे झाला. फ्लॉपी चार दिवस माझ्या ऑफिसात होती आणि नाना रोज संध्याकाळी दारातच विचारत होते, "आमची मिसल कुठाय?" कोर्टातल्या कागदांच्या बाडाला ते मिसल म्हणायचे, आता कॉम्प्युटरवरच्या फाइलीलाही म्हणतात. वकिलीच्या आठवणी लिहायला लागल्यापासून जुने शब्द जास्तच बाहेर पडतात.

फ्लॉपी ऑफिसात का नेली ते सांगते. आम्ही एका परदेशी कंपनीसाठी फाइल मॅनेजर लिहितोय. डिस्कवर काय काय आहे ते खिडकीत मांडून दाखवणारा प्रोग्राम. तो लिनक्सवर चालणार, पण लोक त्यात विंडोजवरच्या फ्लॉप्या घालणार. माझ्याकडे त्यातला लहानसा भाग आहे: दुसऱ्या सिस्टिमने लपवलेल्या फाइलींचं काय करायचं.

विंडोजमध्ये फाइलीला ‘लपलेली’ अशी खूण लावता येते. लिनक्सला ती खूण कळत नाही. तिथे नावाच्या सुरुवातीला टिंब दिलं की फाइल लपते, आणि त्या टिंबाचा अर्थ विंडोजला कळत नाही. त्यामुळे इकडचं लपवलेलं तिकडे उघड दिसतं आणि तिकडचं इकडे. लपवणं म्हणजे कुलूप नव्हे. इथे बघू नका, अशी बघणाऱ्याला केलेली विनंती आहे, आणि ती फक्त आपली भाषा येणाऱ्यालाच कळते.

माझ्या शेजारी बसणारा शिवराज म्हणतो की आपण ती विनंती पाळावी. "कुणाच्या घरी गेलीस आणि कपाटाचं दार अर्धवट उघडं दिसलं, तर वाकून बघशील का?" मी म्हटलं, वाकणार नाही, पण दिसलं तर डोळेही मिटणार नाही. साहेबांनी सांगितलं, वाद पुरे, लोकांच्या खऱ्या वापरातल्या फ्लॉप्या आणा आणि तपासा. मी नानांची नेली.

त्यात ‘जुने’ नावाचा एक फोल्डर आहे. घरच्या कॉम्प्युटरवर तो दिसत नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. आत चौदा फाइली आहेत. नानांना अशी खूण लावता येत नाही, म्हणजे तू लावली असणार. अहवालापुरतं विचारते: हा फोल्डर कशाचा?

नेहाला मावशीचा पापा.

त्रिवेणी

*

पुणे
२१ नोव्हेंबर १९९८

चि. त्रिवेणी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचताना मी उभीच राहिले, ऑडिटवाले आले की काय म्हणून!

अगं पोट्टे, ‘जुने’ म्हणजे जुनं. सुरुवातीच्या प्रकरणांची रद्द केलेली पानं. आपले नाना एक वाक्य चारदा बदलतात आणि पाचव्यांदा म्हणतात, "अलका, पहिलंच बरं होतं, ते काढ." कुठून काढू? म्हणून ठेवलीत. आणि लपवलीत कारण समोर दिसली की ते त्यातच दुरुस्त्या करत बसतील. झालं समाधान? लिही अहवालात, की पुण्याच्या सौ. अलका यांनी वडिलांपासून वडिलांचंच लिखाण लपवलं. तुझे परदेशी लोक परेशान होतील.

इकडे ठीक. कॉम्प्युटर हॉलमध्ये आहे आणि संध्याकाळी सातनंतर तो तुझ्या प्रकाशभावजींचा. बाहेरून आलेली फ्लॉपी आधी तो घालून बघतो, व्हायरस असतो म्हणतो. मला दुपारचे दोन तास मिळतात, नेहा शाळेतून येईपर्यंत. त्यात नानांच्या कोर्टातले मुन्सिफ आणि पेशकार सांभाळायचे. सातव्या प्रकरणात त्यांनी पुन्हा एका उलटतपासणीची अकरा पानं केलीत. कापली तर रुसतील.

शिवराज कोण गं? शहाणा दिसतो. ऐक त्याचं.

आणि एक. फ्लॉपी यापुढे ऑफिसात नेऊ नकोस. नक्को म्हणजे नक्को. हरवली तर नाना माझं नाव घेतील, तुझं नाही.

तुझी,
अक्का

*

चिक्कडपल्ली
४ डिसेंबर १९९८

प्रिय अक्का,

तुझं उत्तर तपासून पाहिलं. जुळत नाही.

सुरुवातीची प्रकरणं गेल्या दिवाळीला संपली. ‘जुने’मधली पहिली फाइल यंदाच्या चौदा जूनची आहे आणि शेवटची एक नोव्हेंबरची. रद्द केलेली पानं नव्या तारखांची नसतात. नावं A-1, N-1, A-2, N-2 अशी आहेत. सात तुझी, सात नानांची. तुझी दोन-दोन पानांची. नानांची त्याहून मोठी, आणि N-5 तर नऊ पानांची. मला नानांनी लिहिलेलं शेवटचं जे आठवतं ते ‘येताना चष्म्याचा स्क्रू बसवून आण’ एवढं आहे. ती चिठ्ठी मी टाकलेली नाही.

पुण्याहून फ्लॉपी आली की नाना खोलीचं दार लोटून घेतात. मला वाटायचं पडद्यावर उजेड येतो म्हणून. मी कोठीच्या बाजारातून जाड कापड आणून खिडकीला पडदा शिवून दिला. दार तरीही लोटलेलंच.

मला हे नवं नाही. तू लहान होतीस तेव्हा नाना दर रविवारी तुला हात धरून अफझलगंजच्या लायब्ररीत न्यायचे. येताना मुसी नदीच्या पुलावर थांबून तुला उर्दू पाट्या वाचायला लावायचे. हे मला तुम्ही दोघांनी इतक्यांदा सांगितलंय की पाट्यांचा क्रमही पाठ आहे. माझी वेळ आली तेव्हा त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. मला त्यांनी रिक्षात बसवून इंग्लिश शाळेत पाठवलं. पुस्तक लिहायचं ठरलं तेव्हा कॉम्प्युटर मी आणला, माउस धरायला मी शिकवलं, आणि मजकूर तुझ्याकडे गेला, कारण माझं मराठी रिपोर्टासारखं आहे. ते खरं आहे. मी तक्रार केली नाही.

पण आई गेल्याला पाच वर्षं झाली. त्यांच्या गोळ्या मी मोजते, रात्री खोकला आला की मी उठते. नाना एप्रिलनंतर पुण्याला राहायला येणार असतील तर ते मला कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं होतं. मी त्यांना विचारलेलं नाही. त्यांनी आपणहून सांगावं म्हणून महिनाभर जेवण झाल्यावर पाटावरच बसून राहते. ते बडीशेप खातात आणि उठतात.

मी दुसऱ्याच्या फाइली उघडत नाही. नावं, तारखा आणि आकार दिसतात, तेवढे पाहिले.

त्रिवेणी

*

पुणे
१४ डिसेंबर १९९८

त्रिवेणी,

फाइली उघडत नाहीस, आणि एप्रिल तुला स्वप्नात दिसला?

असू दे. नाना कुठेही जात नाहीत. तुझे नाना तुझ्याकडेच राहतील, हे लिहून देते. याच्यापुढचं आत्ता सांगता येत नाही. नेहाची वार्षिक परीक्षा होऊ दे. एप्रिलमध्ये सगळं समोर बसून सांगेन, मग हवं तेवढं भांड.

तोवर फ्लॉपीला हात लावू नकोस. नाना देतील तशी पाकिटात घाल आणि पोस्टात टाक. मोठी बहीण म्हणून हुकूम करत नाही, मागतेय.

फोन करू नकोस. फोन हॉलमध्ये आहे.

अक्का

*

चिक्कडपल्ली
२ जानेवारी १९९९

प्रिय अक्का,

सोबत फ्लॉपी. जुनी वाचताना अडखळत होती, म्हणून सगळं ऑफिसच्या मशीनवर उतरवून या नव्या फ्लॉपीवर घातलं. आठवं प्रकरण आहे. बाकीचंही सगळं आहे. चौदाच्या सोळा झाल्या आहेत. मोजून घातल्या.

नाना बरे आहेत. थंडीमुळे फिरायला जात नाहीत.

त्रिवेणी

*

पुणे
२० जानेवारी १९९९

त्रिवेणी,

हे पत्र शेजारच्या इंदुताईंच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. त्याच पोस्टात टाकतील.

फ्लॉपी शनिवारी आली. मी नेहाला चित्रकलेच्या क्लासला घेऊन गेले होते. प्रकाश घरी होता. नेहमीसारखी त्याने आधी घालून बघितली. आजवर त्याला फक्त नानांचं प्रकरण दिसायचं. दोन ओळी वाचायचा, "तुझ्या वडिलांना झोप येत नाही का?" म्हणायचा आणि बाजूला ठेवायचा. या वेळी प्रकरणाच्या शेजारी ‘जुने’ दिसलं.

आम्ही परत आलो तेव्हा तो वाचत होता. थांबला नाही. "बसा," म्हणाला, "तुमच्या घरचं वाङ्मय आहे." आणि मोठ्याने वाचायला लागला. नेहासमोर. सोळातल्या अकरा वाचल्या. नानांची वाक्यं त्याच्या आवाजात. माझी वाचताना आवाज बारीक करत होता. नेहा आधी हसली, तिला खेळ वाटला.

आता तुलाही सांगायला हरकत नाही. एप्रिलमध्ये मी नेहाला घेऊन हैदराबादला येणार होते. राहायला. परत न जाण्यासाठी.

तू विचारशील, असं काय झालं. तुला तारीख हवी असते, ती नाही. चार वर्षांपूर्वी शाळेतली नोकरी सोडायला लावली. मग पत्रं फोडायला लागला, तुझीसुद्धा, म्हणून तुला मी नेहमी हसत लिहायची. नोव्हेंबरचं तुझं पत्र त्याच्या हाती लागायच्या आत पोस्टमनकडून घेतलं, डिसेंबरचंही. दर वेळी नशीब. मग फोनला कुलूप लावलं. बाजारातून यायला उशीर झाला की वहीत लिहून ठेवतो, आणि महिनाअखेरी वाचून दाखवतो. हात उचलत नाही. लोकांना सांगण्यासारखं माझ्यापाशी काही उरू नये एवढी काळजी घेतो.

जूनमध्ये मी पहिल्यांदा नानांना लिहिलं, फ्लॉपीवर, कारण पुस्तकाच्या फ्लॉपीचा त्याला संशय येत नव्हता. लपलेला फोल्डरही नाव टाइप केलं की उघडतो, तेवढं नानांना जमायचं. नाना काय करतील? वकीलच ते. "घाई करू नकोस, भांडू नकोस, परीक्षा होऊ दे, मूल आणि कागद हातात असल्याशिवाय उंबरा ओलांडू नकोस." तुझ्या त्या नऊ पानी N-5 मध्ये यादी आहे. नेहाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, माझी पदवी, दागिन्यांच्या पावत्या, कुठला कागद कुठे ठेवायचा, कुणाच्या हाती द्यायचा. तुला न मिळालेलं प्रेम नव्हतं ते.

रविवारी प्रकाशने नेहाला नगरला त्याच्या आईकडे नेऊन ठेवलं. इथल्या शाळेतून नाव काढतो म्हणतो. दाखला आणि बाकीचे कागद यादीप्रमाणे एकेक शोधून काढले आणि स्वतःच्या कपाटात ठेवले. यादी स्वच्छ होती ना, शोधायला त्रास पडला नाही. मला म्हणतो, "तू जा की. तुला कुणी अडवलंय?"

तुला का सांगितलं नाही, तेही ऐक. नाना म्हणत होते, त्रिवेणीला सांगू. मी नको म्हटलं. मी येते म्हटलं असतं तर तू "ये" म्हणाली असतीस. व्यवस्थित म्हणाली असतीस. खोली झाडून, कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून, नेहाच्या शाळेची चौकशी करून. ते व्यवस्थित मला सोसवलं नसतं. वीस वर्षं तू माझे उतरवलेले फ्रॉक घातलेस, आणि आता मी तुझ्या पगारावर जेवायला येणार. तुला वाटतं हेवा फक्त तुलाच येतो?

नानांना अजून कळवलेलं नाही.

एकच विचारते. खूण कशी गेली? ते तर तुझंच काम आहे.

अलका

*

चिक्कडपल्ली
२५ जानेवारी १९९९

प्रिय अक्का,

तुझं पत्र आज मिळालं.

तू विचारलंस त्याचं उत्तर. लपवण्याची खूण फाइलीच्या आत नसते. फ्लॉपीवर फाइलींच्या नावांचा जो तक्ता असतो, त्यात नावाशेजारी असते. लिनक्सवर उतरवताना मजकूर आणि नाव येतं, ती खूण येत नाही, कारण लिनक्सकडे तिला ठेवायला जागा नाही. तिथून नव्या फ्लॉपीवर घातलं की नवा तक्ता तयार होतो. त्यात खूण नसते. हे कुणी पुसत नाही. आपोआप होतं.

झालं ते फार वाईट झालं.

त्रिवेणी

*

चिक्कडपल्ली
२७ जानेवारी १९९९

अक्का,

परवाच्या पत्रातला तांत्रिक भाग बरोबर आहे. पत्र खोटं आहे.

खूण राहत नाही हे मला माहीत होतं. माझ्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर तेच वाक्य आहे आणि खाली तारीख आहे, अकरा डिसेंबर. त्या आठवड्यात मी ते निरनिराळ्या फ्लॉप्यांवर नऊ वेळा करून पाहिलं होतं. तुझी फ्लॉपी मी दोन जानेवारीला केली. जुनी फ्लॉपी अडखळत नव्हती. ती अजून चांगली चालते.

मला तुला दाखवायचं होतं. तू दुपारी कॉम्प्युटर लावशील, ‘जुने’ समोर उघडं दिसेल, आणि तुला कळेल की मला कळलंय. तुझा चेहरा कसा होईल तेसुद्धा मी ठरवलं होतं. त्यात तू एकटी बसलेली होतीस. बाहेरून आलेली फ्लॉपी भावजी आधी बघतात, हे तू नोव्हेंबरातच लिहिलं होतंस. ते पत्र मी आता पुन्हा काढलं. तेव्हा मी त्यातलं ‘नाना माझं नाव घेतील, तुझं नाही’ हेच वाक्य तीनदा वाचलं होतं. व्हायरसच्या ओळीवरून नजर गेली, थांबली नाही.

आणि मी एक फाइल उघडली होती. A-7. वरच्या दोन ओळी. ‘नाना, एप्रिलनंतर आपण एकत्र असू. त्रिवेणीला यातलं काही कळू देऊ नका.’ तिथे मी बंद केली. पुढे वाचलं तर आपण दुसऱ्याचं वाचणारे ठरू, असं मला वाटलं. दोन ओळींनी ठरत नाही, असंही वाटलं असावं.

तू लिहितेस की व्यवस्थित तुला सोसवलं नसतं. बरोबर ओळखलंस. तू एप्रिलमध्ये आली असतीस तर मी कप्पे रिकामे केले असते, आणि रोज मनात मोजलं असतं की नाना तुझ्याशी किती बोलले. आत्ता हे लिहितानाही माझ्या मनात एक गोष्ट आहे: तू अडचणीत होतीस तेव्हा त्यांनी नऊ पानं लिहिली. मी कधी अडचणीत नव्हते. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुला सांगते.

मी काय करू ते तू सांग. मी स्वतः काही ठरवणार नाही. स्वतः ठरवून एकदा पाहिलं.

पत्र इंदुताईंच्या पत्त्यावर पाठवते आहे.

त्रिवेणी

*

पुणे
५ फेब्रुवारी १९९९

त्रिवेणी,

दुसरं पत्र आलं नसतं तर तुला पुन्हा लिहिलं नसतं.

राग आहे. भरपूर आहे. पण सध्या तो ठेवायला जागा नाही, नेहाला नगरला जाऊन वीस दिवस झाले. तिला दोनदा भेटू दिलं, सासूबाई शेजारी बसून होत्या. दुसऱ्या वेळी नेहाने विचारलं, "आई, आजोबांनी मला न्यायचं लिहिलंय ते खोटं आहे का?" मी म्हटलं, खरं आहे. सासूबाई उठून आत गेल्या. बाई वाईट नाहीत. मुलाला घाबरतात.

काय करू विचारतेस, तर ऐक. नानांना तू सांग. मी सांगणार नाही. चिठ्ठी लिहून नाही, समोर बसून. ‘फ्लॉपी भावजींच्या हाती लागली’ असं गोल नाही, सगळं. अहवाल, नऊ वेळा, A-7. नाना सत्तरीचे आहेत, त्यांना धक्का बसेल, मला माहीत आहे. पण त्यांची मिसल कुणी उघडली हे त्यांना कळायला हवं. पुढचं ते ठरवतील.

अक्का

*

चिक्कडपल्ली
११ फेब्रुवारी १९९९

प्रिय अक्का,

सांगितलं. परवा सकाळी, चहा झाल्यावर. दार मीच लोटून घेतलं.

नाना नवव्या प्रकरणावर बसले होते. मी क्रमाने सांगितलं, ऑफिसातल्या पहिल्या दिवसापासून. त्यांनी मध्ये तोडलं नाही. चष्मा काढून हातात धरला होता. नेहा नगरला आहे म्हटलं तेव्हा फक्त विचारलं, "कधीपासून?" मी तारीख सांगितली. मग म्हणाले, "पुढे."

संपल्यावर त्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

"किती वाचलंस?"

"एक फाइल. दोन ओळी."

"वकिलासमोर बसलीयेस, पोरी."

"दोनच ओळी, नाना."

"तीच तर चूक!" एवढ्या मोठ्याने ते आई गेल्यापासून बोलले नव्हते. "चोरी करायची तर पुरी करायची. पूर्ण वाचलं असतंस तर तुझ्या हातून ती फ्लॉपी पाकिटात गेली असती का? चाळीस वर्षं मी कोर्टात ओरडलो, की हुजूर, मिसल शेवटापर्यंत बघा, वरचं पान बघून फैसला देऊ नका. आणि माझ्या घरात दोन ओळींवर फैसला!"

ते उठले, खिडकीशी गेले, मी शिवलेला पडदा बाजूला केला.

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

"मी बडीशेप खात होतो," नाना म्हणाले. म्हणजे त्यांना दिसत होतं. दोन महिने मी पाटावर बसून राहते हे त्यांना दिसत होतं, आणि तुला दिलेल्या शब्दापायी ते उठून जात होते. मला हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं असं लिहिणार होते. पण कळलं असतं तर मी काय केलं असतं, याची मला खात्री नाही.

मग ते वकील झाले. कागद मागितला, स्वतः लिहायला बसले. त्यांनी ठरवलं आहे ते असं. आधी पुण्याला यायचं नाही, थेट नगरला तुझ्या सासूबाईंकडे जायचं. भांडायला नाही. "आजोबा नातीला भेटायला आला आहे, दोन दिवस राहील," एवढंच म्हणायचं आणि राहायचं. तू इंदुताईंना घेऊन तिथेच यायचं. जन्मदाखल्याची दुसरी प्रत पुण्याच्या महापालिकेतून मिळते, शाळेच्या दाखल्याचंही होतं. "कपाटातले कागद त्याला लखलाभ," म्हणाले. "सरकार दुसरे छापतं. पोर दुसरी मिळत नाही." भावजी नाही म्हणाले तर पुण्यातल्या वकिलांना पत्र तयार आहे, नानांच्या अक्षरात, सहा पानांचं. या वेळी मला वाचायला दिलं. शेवटापर्यंत वाचलं. दोन ठिकाणी तारीख चुकली होती, ती दुरुस्त केली.

मी त्यांना म्हटलं, मी येऊ नये असं वाटत असेल तर सांगा, मी इथे थांबते. ते म्हणाले, "तू नगरला सासूबाईंना सांगायचंस की फ्लॉपी कुणी उघडी केली. अलकाने मुद्दाम नवऱ्याला दाखवून अपमान केला, असं त्यांच्या डोक्यात असेल. ते काढायला साक्षीदार लागतो." म्हणून मी येतेय. साक्षीदार म्हणून.

ऑफिसात आठ दिवसांची रजा घेतली. अहवालात एक भर घातली, की उतरवलेल्या फाइलींच्या खुणा जात असतील तर उतरवण्याआधी प्रोग्रामने तसं स्पष्ट विचारावं. शिवराज म्हणाला, "एवढं कोण वाचतं?" मी म्हटलं, कुणी न वाचलं तरी लिहायचं.

काल दुपारी नामपल्ली स्टेशनवर रिझर्व्हेशनच्या रांगेत उभी राहिले. रविवारी निघतो, सोमवारी तिकडे; त्याआधी मिळावं म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने इंदुताईंकडे पाठवते. जातानाच्या फॉर्मवर दोन नावं, नाना आणि मी. परतीच्या फॉर्मवर चार. नेहा येऊ शकेल की नाही हे ठरलेलं नाही हे मला माहीत आहे. तिकीट रद्द करता येतं. न काढलेलं ऐन वेळी मिळत नाही.

परतीच्या फॉर्मवर पहिलं नाव नानांचं लिहिलं. दुसरं माझं. तिसरं तुझं, चौथं नेहाचं. लिहून झाल्यावर क्रमाकडे पाहिलं. मागे माणसं होती, पण नवा फॉर्म घेण्याइतका वेळ होता. मी तसाच खिडकीत सरकवला.

त्रिवेणी